रंगाने बेस वाजत नाही

गेल्या महिन्यात भाचीसोबत बेस गिटार घ्यायला गेलो होतो. तिची उंची जेमतेम पाच फूट, बोटंही लहान, म्हणून शॉर्ट स्केल घ्यायचा हे घरूनच ठरवून निघालो होतो. दुकानात एकाच मॉडेलचे दोन बेस शेजारी शेजारी टांगलेले. एक सनबर्स्ट, मध्ये मधासारखा पिवळा आणि कडांकडे काळपट होत गेलेला. दुसरा फिकट समुद्री हिरवा. सनबर्स्ट साडेसात हजारांनी महाग. असं का, विचारलं तर विक्रेता म्हणाला, “काका, हा नायट्रो फिनिश आहे. यात लाकूड श्वास घेतं. टोन ओपन होतो.” नायट्रो म्हणजे वाद्यावर चढवायच्या लॅकरचा एक प्रकार. भाचीने माझ्याकडे पाहिलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण दुकानात वाद नको म्हणून मी गप्प बसलो. तो वाद आता इथे घालतो.

आधी शॉर्ट स्केल म्हणजे काय ते उरकून घेऊ. नटपासून (नेकच्या, म्हणजे दांडीच्या, टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारा अडकवलेला खालचा आधार) तारेचा जो भाग मोकळा थरथरतो, त्याची लांबी म्हणजे स्केल. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस काढला तेव्हा ती ३४ इंच ठेवली, आणि पुढे तेच माप रूढ झालं. पण गिब्सनने १९५३ मध्ये आणलेला बेस साडेतीस इंची होता. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला, व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनरही तिशीच्याच घरातला. (हाच तो बेस, जो १९७२ मध्ये चोरीला गेला आणि सापडल्याची बातमी २०२४ मध्ये जगभर झळकली.) फेंडरने १९६६ मध्ये ३० इंची मस्टँग बेस काढला. तेव्हा शॉर्ट स्केल म्हणजे पोराटोरांचं खेळणं, ही समजूत चुकीचीच आहे.

तार तीच, सूर तोच, लांबी मात्र कमी, असं असेल तर ताण उतरवावा लागतो, तोही लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग ०.७८. म्हणजे ताण २२ टक्क्यांनी कमी. नटपासून पहिल्या फ्रेटपर्यंतचं (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंतचं) अंतर ४.८ सेंटिमीटरवरून ४.३ वर येतं. लहान हाताला हे दोन्ही मानवतं. पण याची किंमत आवाजात मोजावी लागते. बेसची जाड तार हा काही पाठ्यपुस्तकातला आदर्श दोरा नसतो, ती थोडीशी सळईही असते. तार आखूड आणि सैल झाली की तिच्यातला सळईपणा डोकं वर काढतो. तानपुऱ्यात आपण ज्यांना स्वयंभू स्वर म्हणतो ते हार्मोनिक मग नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपट जागी न बसता किंचित चढे लागतात. लांबी घटली की हा बिघाड तिच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ३४ वरून ३० वर आलं की तो साधारण दीडपटीच्या पुढे, १.६५ पट होतो. शॉर्ट स्केलच्या जाड ‘ई’ तारेचा आवाज गुबगुबीत आणि थोडा धूसर वाटतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता रंगाकडे येऊ.

इलेक्ट्रिक बेसमध्ये आवाज लाकडातून बाहेर पडत नाही. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबक आणि कॉइलची डबी. तिच्यातला चुंबक वरच्या पोलादी तारेलाही थोडं चुंबक करून टाकतो. तार हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. हे दहावीतलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन, फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं. या वाटेवर तार आहे, चुंबक आहे, केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आहेत. रंग कुठेच नाही. रंगाला काही करायचंच असेल तर त्याला आधी लाकडाचं कंपन बदलावं लागेल, आणि लाकडाने मग तारेचं. तीन-साडेतीन किलोच्या भरीव ठोकळ्यावर कागदासारखा पातळ थर हे कसं करणार?

मिरजेला तानपुऱ्याच्या कारागिराने मला पॉलिशबद्दल हेच सांगितलं असतं तर मी कान टवकारून ऐकलं असतं. तिथे पातळ तबली आणि पोकळ भोपळा स्वतः हवा हलवतात. तबलीवर जाड थर दिला तर ती जड होते, तिचं थरथरणं खरोखर बदलतं. म्हणून तिथे लाखेचं पॉलिश हलक्या हाताने देतात. पोकळ वाद्याचं हे शहाणपण कुणीतरी उचललं आणि भरीव वाद्याला चिकटवलं, इतकंच.

नायट्रोची खरी गोष्ट जास्त मजेची आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२० च्या दशकात ड्यूपाँटने ‘ड्यूको’ या नावाने आणला तो मोटारींसाठी, कारण तो झटपट वाळायचा. आपल्याकडचे फर्निचर रंगवणारे अजून ‘ड्यूको मारू का?’ विचारतात, तो हाच शब्द. फेंडरचे गाजलेले खास रंगही मोटारींच्याच पत्रकातून उचललेले. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड फोर्डचा. आणि ज्या जुन्या वाद्यांचं ‘लाकूड श्वास घेतं’ म्हणून कौतुक होतं, त्यातल्या कितीतरींवर नायट्रोच्या खाली सीलरचा पक्का थर आहे. रंध्रं बुजवायलाच तर तो देतात! शिवाय लाकडाने श्वास घ्यावा असं वाटतं तरी कुणाला? लाकडाचा श्वास म्हणजे हवेतल्या बाष्पाची ये-जा. जुलैत रत्नागिरीला ती जोरात चालली की नेक वाकते, तारा उंच होतात आणि आपण ट्रस रॉडची (नेकचा वाक सरळ करणाऱ्या आतल्या सळईची) किल्ली शोधत बसतो. ही ये-जा मंदावणं हेच फिनिशचं काम.

म्हणजे निवड कशावर करायची? सरळ डोळ्यांवर. आणि टिकाऊपणावर. नायट्रो काळाने पिवळा पडतो, पांढऱ्याचा साय होतो, निळा हिरवट दिसू लागतो. थंडीतून एकदम उबेत आणला तर त्यावर केसासारख्या भेगा पडतात, आणि स्वस्त स्टँडच्या रबराला तो चिकटून बसतो. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर हे दुसरे फिनिश जाड, कडक आणि निर्ढावलेले. काळ्या रंगावर बोटांचे ठसे उठतात. अपारदर्शक रंगाखाली लाकडाचे जोड लपतात. फिनिशचा वाजवण्याशी खरा संबंध येतो तो एकाच जागी, नेकच्या पाठीवर, जिथे अंगठा सरकतो. मुंबईच्या घामात चकचकीत नेक चिकटते, सॅटिन सरकते. त्यासाठी हजार-दोन हजार जास्त मोजायला माझी हरकत नाही.

लाकडाचा काहीच परिणाम होत नाही असं छातीठोकपणे सांगणारेही चुकतात, हेही इथेच नोंदवतो. लांब बारीक नेकला स्वतःची वारंवारता असते. एखादा सूर नेमका तिच्यावर पडला की नेक तारेची ऊर्जा पिऊन टाकते आणि तो सूर लवकर मरतो. बेसवाले याला डेड स्पॉट म्हणतात. विकत घेण्याआधी सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एकेक सूर धरून तो किती टिकतो ते ऐका. रंग विचारण्यापेक्षा हे करा.

हिरवा बेस घरी आला. चार स्क्रू काढून कंट्रोल प्लेट उलटी केली. आत दोन पॉट (नॉबने कमी-जास्त करायचे रोध), केबल खोचायचा एक जॅक आणि चिंचोक्याएवढा हिरवट कपॅसिटर. त्यावर ४७३ छापलेलं, म्हणजे ४७ आणि पुढे तीन शून्यं, पिकोफॅरड या कपॅसिटरच्या मापात. थोडक्यात ४७ नॅनोफॅरड. माझ्या मते अख्ख्या बेसमधली सगळ्यात सुंदर जागा हीच.

टोनचा नॉब ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, कापतो, असं सगळे म्हणतात, जणू नळ बंद करावा तसं. तसं नसतं. कॉइलला एक जडत्व असतं, तिच्यातला प्रवाह बदलायला निघालं की ती अडून बसते. कपॅसिटर स्प्रिंगसारखा, विद्युतभार घेतो आणि परत ढकलतो. जडत्व आणि स्प्रिंग एकत्र आले की झोका तयार होतो, आणि प्रत्येक झोक्याला स्वतःची लय असते. पिकअपलाही अशी एक लाडकी वारंवारता असते. तिच्या जवळचे सूर तो फुगवतो, तिच्या वरचे झपाट्याने गाळतो. वारंवारता दुप्पट झाली की व्होल्टेज सुमारे चौथाई.

पण टोन पूर्ण उघडा असताना तो ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर वाटेत नसतो, मग स्प्रिंग कुठली? केबलची! मधली तार आणि भोवतीची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटरच होतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरडचा. पाच मीटरची केबल आणि कॉइलचे स्वतःचे थोडे धरून ७०० पिकोफॅरड मानू. कॉइल ५ हेन्रीची (हेन्री हे तिच्या जडत्वाचं माप) धरू. दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, त्याला दोन पायने गुणायचं, आणि एक भागिले ते. उत्तर येतं सुमारे २,७०० हर्ट्‌झ. आपला कान सगळ्यात तिखट असतो तो इथेच, म्हणून उघडा टोन ‘धारदार’ लागतो. आता नॉब शून्यावर आणा. ४७ नॅनोफॅरड सामील होतात, स्प्रिंग एकदम ढिली होते, आणि तोच हिशोब उत्तर देतो ३३० हर्ट्‌झ. साध्या गिटारच्या सगळ्यात बारीक मोकळ्या तारेचा सूर हाच. बेसची जाड ‘ई’ तार ४१.२ हर्ट्‌झची असते, म्हणजे ३३० हा तिचा आठवा हार्मोनिक. टोन उघडा असताना पासष्टाव्या हार्मोनिकपर्यंत वाट मोकळी होती, आता आठव्यानंतर उतरण लागते.

आणि अधल्यामधल्या जागा? तिथे पॉटचा रोध या नव्या स्प्रिंगच्या वाटेत उभा असतो. नॉब १० वरून खाली येताना आधी २,७०० चा उंचवटा बसतो, नवा काही लगेच उगवत नाही. मधल्या पट्ट्यात आवाज सपाट, मवाळ. अगदी शेवटी, रोध काही हजार ओहमवर आला की ३३० पाशी नवा उंचवटा डोकावतो, तोही अगदी बुटका, कारण पिकअपच्या तांब्याचा स्वतःचा दहा हजार ओहमच्या आसपासचा रोध त्याला फार वाढू देत नाही. म्हणजे एकाच नॉबमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकामागून एक घडतात. (इथवर आलेल्यांचे आभार. जे वर्गमूळापाशी थांबले त्यांनी पुन्हा गाडीत बसायला हरकत नाही.)

भाचीची तक्रार वेगळीच होती. “मामा, दहापासून दोनपर्यंत फिरवलं तर काही होतच नाही, आणि मग एकदम अंधार.” पॉटवर ‘बी२५०के’ छापलेलं, म्हणजे अडीच लाख ओहमचा, सरळ चालीचा. अर्ध्यावर अजून सव्वा लाख ओहम शिल्लक, मग फरक कळणार कसा? पुण्याच्या तपकीर गल्लीतून लॉगरिथमिक, ‘ए’ छापाचा पॉट आणला, सोल्डरचे तीन डाग दिले, आणि तोच नॉब सगळीकडे बोलू लागला. खर्च एका वडापावाचा आणि चहाचा.

त्याच फेरीत एकाने मला तेलात भिजवलेल्या कागदाचा, ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवणारा कपॅसिटर दाखवला. किंमत सांगत नाही, वाचून चहा सांडेल. एका मित्राकडून तसाच एक उसना आणला, मगरचिमट्यांनी जोडला आणि भाचीला भिंतीकडे तोंड करून बसवलं. वीस वेळा अदलाबदल केली, अकरा वेळा तिने बरोबर ओळखला. नाणं उडवूनही एवढं जमतं. मीटरवर दोन्ही ४७ च्या आसपासच. कपॅसिटरच्या झोक्याला कागद कळत नाही, तेलही कळत नाही, फॅरड तेवढे कळतात. हं, एकाचं माप वीस टक्क्यांनी हललेलं असेल तर फरक ऐकू येईल, पण मग तो मापाचा फरक, मंत्राचा नव्हे. याउलट पाच मीटरची केबल काढून दहा मीटरची लावली तर २,७०० चा उंचवटा २,०५० वर घसरतो. हा फरक तिला पहिल्या खेपेतच कळला.

यावरून शॉर्ट स्केलची सेटिंग मी अशी ठेवतो. आखूड तारेचे वरचे हार्मोनिक आधीच दुबळे, म्हणून टोन फार मिटायचा नाही, सहा-सातवर. खालची ‘ई’ धूसर वाटली की अँपवर बेस वाढवायचा मोह होतो. तो टाळून उलट थोडा कमी करायचा आणि ७००-८०० हर्ट्‌झच्या मिडला, म्हणजे मधल्या पट्ट्याला, किंचित वर न्यायचं. लहान अँपच्या आठ इंची स्पीकरला ४१ हर्ट्‌झ झेपतच नाहीत. पण ८२, १२४, १६५ ऐकू आले की त्यांच्यातल्या ४१ च्या अंतरावरून मेंदू तळाचा सूर स्वतःच भरून काढतो. स्पीकरला जो सूर काढता येत नाही, त्यासाठी त्याला धापा टाकायला लावू नये. छेडायची जागा हाही एक फुकटचा टोन नॉब आहे. तारेच्या बरोबर पाचव्या हिश्श्यावर छेडलं तर पाचवा हार्मोनिक, आपला स्वयंभू गंधार, जवळजवळ उठतच नाही. ब्रिजकडे सरका, तो परत येतो.

सगळं जमल्यावर भाचीने रात्री साडेनऊला वाजवायला घेतलं. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरचे काका दारात. ताईने आतून हाक दिली, “अगं, तो टोन का काय तो बंद कर ना!” भाचीने केला. काका तिथेच उभे. नॉबने गाळलं ते वरचं, आणि वरचं आमच्या भिंतींनी आधीच अडवलेलं होतं. खर्ज स्लॅबमधून तसाच खाली जात होता. शेवटी अँपखाली जुनी गादी घातली आणि हेडफोन लावले.