चिमूटभर मातीतली शिरगणती

एक ग्रॅम मातीत जिवाणू अब्जावारी असतात. तीच माती पाण्यात कालवून पेट्री डिशमधल्या अगारवर (पोषक जेलीच्या थरावर) पसरली, की वसाहती उगवतात जेमतेम एक टक्का जिवाणूंच्या. उरलेले सगळे काही मेलेले नसतात. बहुतेकांना प्रयोगशाळेतलं जेवण मानवत नाही. १९४३ साली अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतून स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक हाती लागलं, तेही उगवायला राजी असलेल्या अशाच मोजक्यांकडून.

नॉर्वेतल्या बर्गनच्या विग्दिस टॉर्सविक यांनी जिवाणू वाढवण्याचा नाद सोडून मातीतल्या जिवाणूंचा डीएनएच बाहेर काढला. हे काम किचकट. मातीतली ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून बनलेली) डीएनएला बिलगून येतात, अर्क चहासारखा तपकिरी होतो आणि पुढची रसायनं त्यात नीट चालत नाहीत. शुद्ध केलेला डीएनए तापवला की त्याचे दोन धागे सुटतात, निवताना आपापला जोडीदार शोधतात. देवळाबाहेर दहाच जोड असतील तर आपल्या चपला लगेच सापडतात. ढीग असेल तर वेळ लागतो. त्या उशिरावरूनच प्रकार मोजायचे. १९९० मध्ये बीचच्या जंगलातल्या मातीचा हिशोब निघाला: सुमारे ४,००० वेगवेगळे जीनोम, म्हणजे जिवाणूंचे संपूर्ण डीएनए-संच. त्याच मातीतून वाढवलेल्या जिवाणूंची विविधता याच्या दोनशेव्या भागाएवढी. आणि हे सगळं डीएनएचं एकही अक्षर न वाचता!

अक्षरं वाचायची वाट कार्ल वूझ यांनी १९७७ मध्येच दाखवली होती: रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएवरून जिवांची नाती लावायची. नॉर्मन पेस यांनी ती ऐंशीच्या दशकात थेट निसर्गातल्या नमुन्यांना लावली. १९९८ मध्ये जो हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी मातीसंदर्भातच ‘मेटाजीनोम’ (एका ठिकाणच्या सगळ्या सूक्ष्मजीवांचे जीनोम मिळून) हा शब्द आणला. पुढे डीएनए वाचणारी यंत्रं स्वस्त झाली आणि आकडे फुगले. २०१८ मध्ये १८ देशांतल्या २३७ ठिकाणच्या मातीतला डीएनए वाचल्यावर मात्र उलटंच चित्र दिसलं: हजारो प्रकारांपैकी फक्त ५११ प्रकारांनी जवळपास निम्मी जागा अडवलेली.

या शिरगणतीत एक खोट उशिरा लक्षात आली. मेलेल्या पेशींचा डीएनए मातीत बराच काळ टिकतो. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात तो मातीतल्या एकूण डीएनएच्या सरासरी ४० टक्के भरला. म्हणून काही जण आता मातीत आधी एक रंगद्रव्य मिसळतात. ते उघड्या डीएनएला चिकटतं, उजेड पडला की कायमचं जखडतं, आणि मेलेल्यांची नावं यादीत चढतच नाहीत.