नीव : एका आयरिश नावातला हरवलेला ‘म’

एन, आय, ए, एम, एच. ही पाच रोमन अक्षरं ओळीने समोर आली की आपण ‘निआम्ह’ असं काहीतरी पुटपुटतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. आयर्लंडमधल्या शाळेत हजेरी घेताना बाई मात्र सरळ ‘नीव’ म्हणतात आणि मुलगी ‘हजर’ म्हणून उत्तर देते. ‘म’ कुठे गेला, ‘व’ कुठून आला, आणि शेवटचा ‘एच’ कशाला बसवलाय, हे तिथे कुणी कुणाला विचारत नाही. आयरिश भाषा बोलणारा माणूस हेच नाव किंचित लांबवून ‘नीअव’ म्हणतो. उत्तरेकडच्या अल्स्टर बोलीत शेवटचा ‘व’ सैल पडतो आणि ऐकू येतं ते ‘नीऊ’.

आधी अर्थ. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द साधं नाम आहे : तेज, झळाळी, लकाकी. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ उजळवणे, घासूनपुसून चकाकी आणणे. आपल्याकडे शस्त्राला किंवा भांड्याला जिल्हई देतात, त्या जिल्हईच्या जवळ जाणारा हा शब्द. बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये ‘तेजस्वी’ एवढंच लिहून मोकळे होतात. ते चूक नाही, पण त्यातली घासलेल्या धातूची चमक निसटते.

आता त्या ‘म’कडे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आयरिशमध्ये दोन स्वरांच्या मधली व्यंजनं ढिली पडू लागली. ब चा व झाला, क चा ख सारखा घर्षक आवाज झाला, आणि म चा झाला नाकातून उच्चारलेला व. पुढे नाकातला सूर बहुतेक ठिकाणी विरला आणि निव्वळ ‘व’ उरला. हे वाचून चमत्कारिक वाटत असेल, तर ‘नाव’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. तो संस्कृत ‘नाम’पासून आला. ‘ग्राम’चं गाव झालं, ‘श्यामल’चा सावळा झाला, ‘आमलक’चा आवळा, आणि ‘जामातृ’ तर पार जावई होऊन बसले. दोन स्वरांमधल्या ‘म’चा आधी अनुनासिक व, मग नुसता व. ‘नाम’चं नाव झालं तीच वाट नीवमधल्या ‘म’ने धरली. दोन्ही भाषांनी ती आपापली चालली, कुणी कुणाकडून उसनी घेतली नाही.

गंमत पुढे आहे. आयरिशमध्ये ‘नाव’ या अर्थाचा शब्द आहे ‘अनिम’, आणि तो संस्कृत ‘नामन्’चा दूरचा भाऊच. त्यात मूळचा म जोडाक्षरासारखा घट्ट होता, म्हणून तो टिकला. म्हणजे आपण ‘नाम’मधला म घालवला, त्यांनी तो जपला, आणि एका मुलीच्या नावातला तेवढा सोडून दिला.

ही दोन टोकं एकाच घराण्यातली आहेत हे पटायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. आयरिश ज्यांत मोडते त्या केल्टिक भाषा युरोपातल्या इतर भाषांहून इतक्या वेगळ्या दिसत की त्यांना कुठे बसवावं हा प्रश्नच होता. 1838 मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन संस्कृतज्ञाने त्यांना संस्कृतच्या पंगतीत आणून बसवलं. त्यानंतरच्या पिढीतला मोठा आयरिश अभ्यासक व्हिटली स्टोक्स तर पोटापाण्यासाठी हिंदुस्थानातच होता. जन्म 1830चा, डब्लिनचा. 1862 मध्ये तो इकडे आला आणि 1877 ते 1882 व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. दस्तनोंदणीच्या कचेरीत आजही ज्याचं नाव निघतं तो 1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. हाच गृहस्थ उरलेल्या वेळात जुन्या आयरिश हस्तलिखितांच्या समासातल्या टिपा उकलत बसे, आणि त्यांचं एक पुस्तक 1866 मध्ये त्याने चक्क कलकत्त्यात छापून घेतलं.

मग उच्चार बदलला तर लिहिताना ‘व्ही’ का नाही घातला? कारण तो हाताशी नव्हता. पारंपरिक आयरिश वर्णमालेत अक्षरं अठराच, त्यांत व्ही नाही. ‘व’ लिहायचा तर ब किंवा म लिहून तो ढिला झालाय अशी खूण करायची. ही खूण म्हणजे अक्षराच्या डोक्यावर एक टिंब. मध्ययुगीन लेखनिकांची जुनी रीत होती : चुकून लिहिलेलं अक्षर खोडायचं तर त्यावर टिंब द्यायचं. आयरिश लेखनिकांनी ते आधी उच्चारात गळून पडणाऱ्या अक्षरांवर दिलं, आणि हळूहळू ढिल्या झालेल्या सगळ्याच अक्षरांवर. पुढे आयरिश छपाईसाठी खास वळणाचे खिळे पाडले गेले. आयर्लंडात छापलेलं पहिलं आयरिश पुस्तक 1571चं. त्याचे खिळे खुद्द पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पैशातून झाले होते, लोकांना प्रोटेस्टंट करण्यासाठी. त्या वळणाच्या खिळ्यांत नीव हे नाव चारच अक्षरांचं : एन, आय, ए, आणि टिंब दिलेला एम.

विसाव्या शतकात टाइपरायटर आले. त्यांवर टिंबाची सोय नव्हती, म्हणून टिंबाच्या जागी ‘एच’ ठोकायची पद्धत रूढ झाली. 1958 मध्ये सरकारने प्रमाण लेखनाचे नियम छापले, 1960च्या दशकात शाळेची पुस्तकंही साध्या रोमन खिळ्यांवर गेली. परक्या माणसाला अडखळवणारा तो ‘एच’ म्हणजे असं बेघर झालेलं टिंब आहे.

इथे मला राहून राहून आपल्या जुन्या पुस्तकांतलं ‘नांव’ आठवतं. त्यावरचं टिंब म्हणजे त्या नाकातल्या ‘व’ची आठवण. बोलण्यातून नाक केव्हाच गेलं होतं, कागदावर टिंब तेवढं राहिलं होतं. साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962 मध्ये राज्य सरकारने स्वीकारले आणि ‘नांव’, ‘गांव’ यांची टिंबं पुसली गेली. अर्थात दोन्ही टिंबांचं काम एकच नव्हतं : आपलं स्वर नाकात गेल्याचं सांगत होतं, त्यांचं व्यंजन ढिलं झाल्याचं. पण एका ‘म’च्या जाण्याची खूण दोन्हीकडे अक्षराच्या डोक्यावर बसली आणि दोन्हीकडे जवळजवळ एकाच सुमारास सरकारी नियमांनी उतरवली. त्यांनी बदल्यात एच दिला. आपण काहीच दिलं नाही, त्यामुळे आजच्या मुलाला गावात कधीकाळी ‘म’ होता याचा पत्ताही लागत नाही.

शब्दाचं विशेषनाम झालं ते गोष्टींतून. अल्स्टरच्या वीरकथांमध्ये एक नीव आहे, केल्टखारची मुलगी आणि कोनल केर्नाख या योद्ध्याची बायको. कूखुलिन या महावीराचा घात करायला शत्रू टपलेले असतात तेव्हा त्याला लढाईपासून अडवून धरायचं काम तिच्यावर येतं. माझ्या परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही, असं वचन ती त्याच्याकडून घेते. मग एक मायाविनी नीवचंच रूप घेऊन येते, ‘जा, लढ’ म्हणते, आणि तो जातो. खरी नीव ‘ती मी नव्हतेच’ म्हणून विनवते, पण तोवर उशीर झालेला असतो.

पण घराघरांत पोचली ती दुसरी, ‘नीव सोनेरी केसांची’. तिची कथा आज ज्या रूपात सांगतात ते बरंचसं क्लेअर परगण्यातल्या मीहाल कोमीन या कवीच्या, 1750च्या आसपासच्या आयरिश दीर्घकाव्यातून आलेलं आहे. दंतकथांतला सरदार फिन आणि त्याचे शिलेदार लोख लेन या तळ्याजवळ शिकारीला निघालेत. सकाळचं धुकं आहे. पश्चिमेकडून पांढऱ्या घोड्यावर एक तरुणी येते. डोक्यावर मुकुट, अंगावर तांबूस सोन्याच्या चांदण्या भरलेली तपकिरी रेशमी शाल, इतकी लांब की पायातले जोडे झाकून गवतावर लोळतेय. केसांच्या एकेका बटेला सोन्याचं वळं अडकवलेलं, घोड्याच्या पायांत सोन्याचे नाल. कवी इतकी चकाकी ओतत जातो तेव्हा तो खरं तर तिच्या नावाचा अर्थच सांगत असतो. आयरिश ऐकणाऱ्याला ते आपोआप कळत असणार.

ती चिरतारुण्याच्या देशाची, तीर ना नोगची राजकन्या. फिनच्या मुलावर, उशीनवर, तिचं मन बसलंय. उशीन या नावाचा अर्थ पाडस, हरणाचं पिल्लू. त्याची आई शापाने हरिणी झालेली. तो नीवच्या मागे घोड्यावर बसतो आणि दोघं समुद्रावरून निघून जातात. दोन मुलगे होतात, एक मुलगी होते. मग माणसाला घरची ओढ लागतेच, तशी त्याला लागते. नीव त्याला घोडा देते आणि एकदा नाही, तीनदा बजावते : पाय जमिनीला लावू नकोस.

इकडे 300 वर्षं उलटून गेलेली असतात. बापाच्या गढीवर चिडीचूप, नुसतं रान आणि खाजरी झुडपं माजलेली. परतताना डब्लिनजवळच्या थ्रश पक्ष्यांच्या दरीत माणसांचा एक घोळका त्याला भेटतो. एका भल्या मोठ्या शिळेखाली ती माणसं दबून गेलीत, मदत मागताहेत. हा खोगिरावरूनच एका हाताने शिळा भिरकावतो, पण त्या ताणाने घोड्याचा सोन्याचा पट्टा तुटतो. पाय मातीला लागतात. घोडा उधळतो, आणि शिलेदाराच्या जागी एक आंधळा, जख्ख म्हातारा उरतो. तो ही सगळी हकीकत आयर्लंडात ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत पॅट्रिकला सांगतो, ती ऐकून घेताना दोघांची वादावादीही चालते. नीवचं पुढे काय झालं? गोष्ट तिच्याकडे परत जात नाही. मला विचाराल तर कोमीनने तिथे हात आखडता घेतला.

असं गोष्टीतलं नाव पोरीला ठेवायची रीत तेव्हा फारशी नव्हती. कॅथलिक घरांत संतांची नावं चालत, नीव नावाची कुणी प्रसिद्ध संत नव्हती. शिवाय 1864 पासून सगळ्या जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली ती इंग्रजीतून. ग्रॉन्याची ग्रेस होई, ऑन्याची ॲना किंवा हॅना. वारं फिरलं ते 1893 मध्ये आयरिश भाषेसाठी कॉनरा ना गेलगे ही संघटना उभी राहिल्यावर. त्याआधी चारच वर्षं, 1889 मध्ये, तरुण आयरिश कवी यीट्सने उशीनच्या भटकंतीवर इंग्रजीत दीर्घकाव्य लिहून नीवला आयर्लंडबाहेर नेलं होतं. आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतर आयरिश नावं ठेवणं अभिमानाचं झालं आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीव घरोघरी आली. 1993 मध्ये कॉर्क परगण्यातल्या मिलस्ट्रीट गावी युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा भरली, ती जिंकणाऱ्या गायिकेचं नाव नीव कॅव्हनॉ. 2001 मध्ये आयरिश नौदलाच्या एका गस्ती जहाजाला हेच नाव मिळालं. ऑगस्ट 2015 मध्ये लिबियाच्या किनाऱ्याजवळ निर्वासितांची खच्चून भरलेली बोट उलटली, तेव्हा या ‘नीव’ने 367 जणांना पाण्याबाहेर काढलं.

शेजारच्या वेल्समध्ये टी. ग्विन जोन्स या कवीने 1916 मध्ये ही कथा वेल्श काव्यात आणली आणि तिथे नीवची ‘निया’ झाली. तिकडच्या नियांचं मूळ तिथे आहे. आपल्या सोसायटीतल्या निया बहुधा वेगळ्या वाटेने आलेल्या. ‘नेव्ह’ हे नावही लोक याच खात्यात टाकतात, पण अभिनेत्री नेव्ह कॅम्पबेलचं नाव आलं ते तिच्या आईच्या डच आडनावावरून.

राहिली यमकं. मराठीत या नावाला यमकांचा दुष्काळ नाही : जीव, कीव, मुंबईची शीव, जाणीव, नेणीव, उणीव, आणि रेखीव-कोरीव-पाळीव अशी सगळी भावकी. नीव पाहून डोळे निवले, एवढा अनुप्रास तर फुकटात मिळतो. पण खुद्द आयरिश यमकाचा हिशोब निराळा. बाराव्या ते सतराव्या शतकातल्या दरबारी कवींनी व्यंजनांचे सहा गट पाडले होते. स्वर तोच हवा, व्यंजन मात्र त्याच गटातलं कुठलंही चालेल. आपण मोरोपंतांच्या आर्यांचं यमक अक्षरन् अक्षर जुळवून तपासतो. तिथे गट जुळला की काम झालं. पण व्यंजन रुंद आहे की टाळूकडे झुकलेलं हेही जुळावं लागे, आणि हे सगळं पाठ व्हायला कवीच्या उमेदवारीची कित्येक वर्षं जात.

ढिला म ज्या गटात आहे त्यातच ढिले ब, ग, द आणि साधे ल, न, र आहेत. त्यामुळे नीवचं यमक जुळतं ‘ग्रीअन’शी, म्हणजे सूर्याशी. ‘श्लीअव’शी, म्हणजे डोंगराशी. ‘फीअल’शी, म्हणजे उदार या शब्दाशी. आणि जुळतं ‘फीअध’शी, ज्याचा अर्थ हरीण. सोनेरी केसांची नीव आणि तिचं पाडस, दोघं एका यमकात बसतात.

हाच हरणाचा शब्द आता मुलींना नाव म्हणून ठेवतात. 2021 मध्ये आयर्लंडात जन्मलेल्या मुलींच्या नावांत तो पहिल्या क्रमांकावर होता. लिहितात जुन्या थाटात, शेवटी डी आणि एच लावून. म्हणतात नुसतं ‘फीआ’. नीवच्या ‘म’चा निदान ‘व’ तरी राहिला होता, फीआच्या शेवटी काहीच उरलेलं नाही. हजेरीत दोघी लागोपाठ आल्या तर यमक ऐकू येत नाही, बाईंच्या हातातल्या वहीतच ते दिसतं.