सिडनी ते ब्रोकन हिल: कॅरॅव्हॅन भाड्याने घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पश्चिम सिडनीतील मराठी कुटुंबांना आम्ही प्रामुख्याने न्यू साउथ वेल्सच्या अंतर्भागातील प्रवासासाठी कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर, भाड्याने देतो. ताबा देताना आम्ही प्रत्येक वस्तू दाखवतो आणि आपल्याकडून वापरून घेतो. तरीही त्या तासा-दीड तासात सांगितलेले सर्व काही लक्षात राहील, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. म्हणून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आणि सामान भरणाऱ्या प्रत्येकाने बुकिंगपूर्वी हे पत्रक शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

दिवस किती लागतात

सिडनीपासून ब्रोकन हिल सुमारे ११५० किलोमीटर आहे. नुसती मोटार घेऊन हे अंतर दोन दिवसांत कापता येते, त्यामुळे जोडून आलेल्या चार सुट्ट्यांसाठी कॅरॅव्हॅन मिळेल का, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. ब्रोकन हिलच्या प्रवासासाठी आम्ही दहा दिवसांपेक्षा कमी मुदतीचे बुकिंग स्वीकारत नाही, आणि त्याचे कारण भाड्याचे उत्पन्न हे नाही. दोन-अडीच टनांचे वजन मागे ओढत असताना चालकाला येणारा थकवा नेहमीपेक्षा फार लवकर येतो, इंधनासाठी अधिक वेळा थांबावे लागते, आणि दिवसाचे वापरण्याजोगे तासही कमी असतात, कारण पहाटे आणि संध्याकाळी कांगारू व एमू रस्त्यावर येतात. सकाळी नऊच्या सुमारास निघून दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचायचे, असे ठरवले की दिवसाला साधारण ३०० किलोमीटर हेच समंजस अंतर उरते. अंधारात कॅरॅव्हॅन ओढण्यास आमच्या करारात मनाई आहे आणि रात्री झालेल्या नुकसानीची भरपाई आमच्या विम्यातून होत नाही.

हवामानाच्या दृष्टीने एप्रिल ते सप्टेंबर हा काळ उत्तम. उन्हाळ्यात या भागातील तापमान ४० अंशांच्या वर जाते, म्हणून डिसेंबर व जानेवारीत लहान मुले किंवा वृद्ध सोबत असल्यास आम्ही किनाऱ्यालगतचा प्रवास सुचवतो. हिवाळ्यातील दिवस सुखद असले तरी रात्री कडाक्याच्या असतात. जाड रजया आम्ही देतो, कानटोप्या व लोकरी मोजे आपण आणावेत.

वाटेवरची गावे

पहिला टप्पा ब्लू माउंटन्सचा डोंगर ओलांडून बाथर्स्ट, ऑरेंजमार्गे डबोपर्यंतचा, म्हणजे सुमारे ३९० किलोमीटरचा आहे. घाटातील चढ-उतार लक्षात घेता तो दोन दिवसांत विभागावा आणि ऑरेंजला मुक्काम करावा. डबोला १९७७ साली सुरू झालेले विस्तीर्ण प्राणिसंग्रहालय आहे. मुले बरोबर असतील तर तेथे पूर्ण दिवस द्यावा.

डबोपासून १६५ किलोमीटरवर निंगन लागते. बोगन नदीकाठच्या या गावाला एप्रिल १९९० मध्ये पुराने वेढले, वाळूच्या पिशव्यांचा बांध फुटला आणि गावकऱ्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. येथून पुढे बॅरियर महामार्ग सुरू होतो. निंगनपासून १३० किलोमीटरवरचे कोबार हे तांब्याच्या खाणीवर वसलेले गाव आहे. फोर्ट बर्क टेकडीवरून खाणीचा प्रचंड खड्डा दिसतो आणि गावातील संग्रहालय खाणकामगारांचे जीवन मन लावून मांडते. कोबारमध्ये टाकी पूर्ण भरल्याशिवाय पुढे निघू नये. विल्कॅनिया येथून २६० किलोमीटर आहे, आणि मधल्या रोडहाऊसचा, म्हणजे महामार्गावरील इंधनाच्या थांब्याचा, पंप आपण पोहोचाल तेव्हा चालू असेलच, असे गृहीत धरू नये.

विल्कॅनियात बहुतेक प्रवासी फक्त इंधन घेतात आणि निघून जातात, याचे आम्हाला वाईट वाटते. एकोणिसाव्या शतकात डार्लिंग नदीवरून लोकरीचे गठ्ठे वाहणाऱ्या वाफेच्या बोटींचे हे मोठे बंदर होते, आणि त्या भरभराटीच्या काळातील वालुकाश्माच्या इमारती अजून उभ्या आहेत. येथील मूळ रहिवासी असलेले बार्कंजी लोक या नदीला बाका म्हणतात. त्यांचे नावच नदीवरून आले आहे. २०१५ मध्ये न्यायालयाने या प्रदेशाच्या मोठ्या भागावरील त्यांचा मूळ भूमिहक्क मान्य केला. त्यांच्या नदीकाठावर आपण पाहुणे असतो. तेथे कचरा टाकू नये, झाडांच्या खोडांवरील जुन्या खुणांना हात लावू नये आणि कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

विल्कॅनियापासून सुमारे १९५ किलोमीटरवर ब्रोकन हिल. चार्ल्स रॅस्प या कुंपणांची देखभाल करणाऱ्या घोडेस्वाराला १८८३ मध्ये येथील टेकडीत खनिज सापडले आणि १८८५ मध्ये ज्या कंपनीची स्थापना झाली, तिला गावाचेच नाव मिळाले. तीच आजची बीएचपी ही मोठी खाण कंपनी. चांदी, शिसे आणि जस्त यांच्या या गावातील रस्त्यांची नावेही आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड अशी आहेत. गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या खाणीच्या डोंगरावर, कामावर असताना मृत्यू पावलेल्या आठशेहून अधिक कामगारांची नावे कोरलेले स्मारक आहे. प्रत्येक नावापुढे मृत्यूचे कारणही लिहिलेले आहे. तेथे घाईने जाऊ नये. २०१५ मध्ये संपूर्ण शहराचा समावेश राष्ट्रीय वारसा यादीत झाला आणि असा मान मिळालेले ते ऑस्ट्रेलियातील पहिले शहर ठरले.

येथील एक ठिकाण आम्ही आपल्या ग्राहकांना आवर्जून सुचवतो. शहराच्या उत्तर भागात उंटवाल्यांनी बांधलेली पत्र्याची एक छोटी मशीद आहे. रेल्वे आणि मालमोटारी येण्यापूर्वी अंतर्भागातील मालवाहतूक उंटांवर चालत असे. १८६६ मध्ये उंटांचा मोठा ताफा कराचीहून पोर्ट ऑगस्टाला आणला गेला, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. आपल्या भागाशी जोडलेला इतका जुना धागा या वाळवंटात सापडतो, हे आई-वडिलांना सांगितले की त्यांचे कुतूहल जागे होते, असा आमचा अनुभव आहे.

ब्रोकन हिलमधील घड्याळे सिडनीच्या अर्धा तास मागे असतात, कारण हे शहर साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ पाळते. दुर्गम भागात विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या तळाला भेट देताना, खाणीची सहल ठरवताना किंवा कॅरॅव्हॅन पार्कचे कार्यालय बंद होण्याची वेळ विचारताना हे ध्यानात ठेवावे.

वजनाचा हिशेब

या पत्रकातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. आमच्या मध्यम आकाराच्या कॅरॅव्हॅनचे रिकामे वजन १९०० किलो असून तिला भरून जास्तीत जास्त २३०० किलोची परवानगी आहे, म्हणजे आपल्या हाती ४०० किलो उरतात. पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण भरल्या की त्यातील १६० किलो संपतात. उरलेल्या २४० किलोंत कपडे, अंथरुणे, भांडी, खुर्च्या, मुलांच्या सायकली आणि किराणा बसवायचा असतो. तांदळाची व पिठाची मोठी पोती, कुकरचे दोन संच आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके घरून नेण्याची काहीच आवश्यकता नाही. डबो, कोबार आणि ब्रोकन हिल येथे सुपरमार्केट आहेत. शिवाय या गावांची दुकाने प्रवाशांच्या खरेदीवर काही अंशी तगून असतात, म्हणून भाजी, पाव, दूध वाटेतच विकत घेणे आम्हाला दोन्ही अर्थांनी योग्य वाटते.

वजन कोठे ठेवले, हेही तितकेच महत्त्वाचे असते. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात. मागच्या टोकाला भार वाढला की कॅरॅव्हॅन डोलू लागते, आणि वेग जास्त असेल तर ते डोलणे वाढत जाऊन मोटारीलाही आपल्याबरोबर खेचते. पुढच्या जोडणीवर पडणारा भार एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के असावा आणि तो आपल्या मोटारीच्या मर्यादेत बसावा. ताबा देताना आम्ही तो मोजून दाखवतो. डोलणे सुरू झालेच, तर मोटारीचा ब्रेक जोरात दाबू नये व स्टिअरिंग झटक्याने वळवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा आणि ब्रेक कंट्रोलरच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनचे ब्रेक मोटारीतून चालवणाऱ्या उपकरणाच्या, बटणाने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावावेत.

आपल्या मोटारीची ओढण्याची क्षमता, तिच्यावर बसवलेला ब्रेक कंट्रोलर आणि चालकाचा परवाना यांची माहिती आम्ही बुकिंगच्या वेळीच मागतो. पी-वन म्हणजे लाल पाटीच्या परवान्यावर २५० किलोपेक्षा अधिक रिकाम्या वजनाचे काहीही ओढता येत नाही, त्यामुळे घरातील नव्या चालकाचा आधार या प्रवासात धरू नये.

रस्त्यावर

मोटार आणि कॅरॅव्हॅनचे मिळून मंजूर वजन साडेचार टनांपेक्षा अधिक असेल तर न्यू साउथ वेल्समध्ये वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर असते, मग फलकावर ११० का लिहिलेले असेना. आमचा सल्ला ९० चा आहे. मागे वाहनांची रांग लागली तर सुरक्षित जागा पाहून बाजूला थांबावे व त्यांना जाऊ द्यावे. बॅरियर महामार्गावर ३६ मीटरपेक्षा लांब रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या मालमोटारी, धावतात. त्या शेजारून जाताना हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरावे. प्रत्येक संचात आम्ही जवळच्या वाहनांशी बोलण्यासाठी यूएचएफ रेडिओ देतो. मालमोटारींचे चालक त्यावर चाळीस क्रमांकाच्या चॅनलवर बोलतात, आणि मागून येणाऱ्याला 'आता पुढे जा' असे त्यावर सांगता येते.

मेलेल्या कांगारूवर बसलेला मोठा गरुड दिसल्यास वेग बराच कमी करावा, कारण त्याला जमिनीवरून उडायला वेळ लागतो. जिवंत प्राणी अचानक आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक लावावा. कॅरॅव्हॅन मागे असताना प्राणी चुकवण्यासाठी वळणे घेणे बहुधा अधिक घातक ठरते. कॅरॅव्हॅन चालू असताना तिच्या आत कोणीही बसू नये, आजी-आजोबांनी 'जरा आडवे होतो' म्हटले तरीही नाही. कायद्यानेही ते निषिद्ध आहे.

पाऊस झाल्यावर मुंगो राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारे मातीचे रस्ते बंद होतात. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास मोठा दंड होतो आणि आमचा विमाही लागू राहत नाही. मातीच्या रस्त्यांवर कॅरॅव्हॅन नेण्यास आमच्या करारात परवानगी नसल्याने ती ब्रोकन हिलच्या पार्कमध्ये उभी करून फक्त मोटारीने जावे. सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष मुंगोच्या ज्या भूमीत सापडले, ती पाहण्यासाठी वेगळा दिवस ठेवणे सार्थकी लागते.

मुक्काम, पाणी आणि स्वच्छता

पहिले दोन-तीन मुक्काम वीजजोडणी असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कमध्येच करावेत, म्हणजे सर्व यंत्रणांची सवय होते. पार्कमधील १५ ॲम्पिअरची वायर आम्ही देतो. घरगुती १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये ती घालण्याचा प्रयत्न करू नये. पुढे गावांच्या शोग्राउंडवर, म्हणजे जत्रा-प्रदर्शनाच्या मैदानावर, कमी दरात उतरता येते. महामार्गालगतच्या विश्रामस्थळी तेथील फलकावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ राहू नये.

ब्रोकन हिलला पाणी २०१९ पासून २७० किलोमीटर लांबीच्या नळाने मरे नदीतून येते. त्याआधी हे शहर मेनिंडीच्या तळ्यांवर अवलंबून होते आणि दुष्काळात तेथील पाण्याने तळ गाठला होता. मराठवाड्यातील आणि माणदेशातील आमच्या ग्राहकांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भांडी वाहत्या नळाखाली न धुता टबात धुवावीत व आंघोळ दोन मिनिटांत आटोपावी. काही नळांवर पाणी पिण्यास योग्य नसल्याची पाटी असते. अशा नळाने आमची टाकी भरू नये. शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी काढता येणारी टाकी, केवळ त्यासाठी ठेवलेल्या जागी, डंप पॉइंटवरच रिकामी करावी, झुडपांत किंवा सार्वजनिक शौचालयात कधीही नाही. मुक्कामाच्या जागेची अशी नासाडी झाली की गावे पुढच्या सर्वच प्रवाशांना दार बंद करतात.

स्वयंपाक

आत फोडणी देताना छताची खिडकी व पंखा उघडा ठेवावा, अन्यथा धुराचा गजर वाजतो. तो काढून ठेवण्यास सक्त मनाई आहे. शक्यतो मिरची-मोहरीची फोडणी बाहेरच्या शेगडीवर द्यावी. थंडीत ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपणे जीवघेणे आहे, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. संपूर्ण अग्निबंदी जाहीर झालेल्या दिवशी शेकोटी पेटवता येत नाही. गॅसच्या शेगडीसाठीही त्या दिवशी अटी असतात, त्या पार्कच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात.

ब्रोकन हिलहून पुढे ॲडलेडकडे जाणार असाल, तर साउथ ऑस्ट्रेलियात ऊडला विरा येथे फळमाशी रोखण्यासाठी तपासणी नाका आहे. फळेच नव्हे, तर टोमॅटो, हिरव्या मिरच्या, ढोबळी मिरची आणि वांगीही तेथे नेता येत नाहीत व लपवून नेल्यास दंड होतो. आदल्या दिवशी मिरच्यांचा ठेचा आणि वांग्याचे भरीत करून हे सर्व संपवावे. डाळी, तांदूळ, पीठ व मसाले नेण्यास अडचण येत नाही.

आई-वडील सोबत असताना

कॅरॅव्हॅनची पायरी उंच असते. मागितल्यास आम्ही आधाराची दांडी व जादा पायरी देतो. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील एवढी घ्यावीत, आणि औषधांची नावे लिहिलेला इंग्रजी कागद मोटारीत ठेवावा. कोबारपासून पुढे लांबच्या पट्ट्यांत मोबाइल चालत नाही. म्हणून रोज निघताना घरी एका व्यक्तीला त्या दिवसाचा मुक्काम कळवून ठेवावा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ००० आहे. मोटार बंद पडल्यास तिच्यापासून चालत दूर जाऊ नये, सावलीत थांबावे. दोन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी मोटारीतच असावे, कॅरॅव्हॅनमध्ये नव्हे.

परत करताना

कॅसेट व सांडपाण्याची टाकी रिकामी करून, गॅसचे झडप बंद करून आणि फ्रिजचे दार फटीएवढे उघडे ठेवून कॅरॅव्हॅन परत करावी. लाल मातीची धूळ बाहेरून धुण्याचे काम आमचे आहे, त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. टायरला काप, दिव्याला तडा किंवा जोडणीत सैलपणा आढळला असेल तर तो अवश्य सांगावा, कारण पुढच्या कुटुंबाला गाडी देण्यापूर्वी आम्हाला तो दुरुस्त करावयाचा असतो.