कंपनीची गाडी आणि कंपनीच्या कामाची गाडी : लहान कंपनीच्या संचालकाने काय पाहावे

भोसरी, अंबड किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या दारात उभी असलेली गाडी कोणाची, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘आपलीच’ असे येते. नवरा-बायको किंवा दोघे भाऊ हेच संचालक आणि तेच भागधारक असले, की घर आणि कंपनी यांच्यातली रेघ पुसट होणे समजण्यासारखे आहे. कायदा मात्र आरसीवरचे नाव वाचतो. कंपनीच्या नावावर नोंदलेली, संचालकाच्या वापरात असलेली गाडी ही एक गोष्ट. संचालकाच्या नावावर नोंदलेली, कंपनीच्या कामासाठी फिरणारी गाडी ही दुसरी. एकल मालकीच्या धंद्यात मालक आणि धंदा एकच असल्याने हा पेच निर्माण होत नाही.

कंपनीच्या नावावर गाडी घेण्यामागे सांगितले जाणारे पहिले कारण म्हणजे घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीपोटी नफ्यातून मिळणारी वजावट. गाडीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो, आणि खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. कर्जावरचे व्याज, इंधन, विमा आणि दुरुस्ती हेही कंपनीच्या खर्चात जाते. संचालक हीच गाडी घेऊन रविवारी गावी गेला तर त्या प्रमाणात कंपनीचा खर्च नाकारायचा का, हा वाद जुना आहे. सयाजी आयर्न या कंपनीच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने २००२ मध्ये असे म्हटले, की कंपनीला ‘खासगी वापर’ असू शकत नाही. संचालकाला मिळालेली सोय हा त्याच्या मोबदल्याचाच भाग असतो.

मोबदला म्हटला की त्यावर संचालकाचा कर आलाच. १९६२ च्या आयकर नियमांत कार्यालयीन आणि खासगी अशा मिश्र वापरासाठी या सोयीचे करपात्र मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला दरमहा १,८०० रुपये, त्यावरच्या इंजिनाला २,४०० रुपये आणि चालक दिला असल्यास आणखी ९०० रुपये असे ठरवलेले होते. ही रक्कम इतकी लहान होती, की कंपनीच्या गाडीची बरीचशी कीर्ती तिच्यावरच उभी राहिली. १ एप्रिल २०२६ पासून मात्र १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा लागू आहे आणि नियमही नवे आहेत, त्यामुळे जुना आकडा गृहीत धरून पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडू नये.

आता महाराष्ट्रापुरती एक गोष्ट, जी शोरूममधल्या बोलण्यात फारशी येत नाही. व्यक्तीच्या नावावरील दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर १२ टक्के पडतो. तीच गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली तर सरसकट २० टक्के. पंधरा लाखांच्या गाडीवर हा फरक १ लाख २० हजारांचा होतो, आणि तो पहिल्याच दिवशी भरावा लागतो. आता आयकर. त्यातला २२ टक्के दराचा पर्याय स्वीकारलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर पडतो. वाहन करासह अठरा लाख किंमत धरली, तर पहिल्या पूर्ण वर्षात घसाऱ्यामुळे वाचणारा कर सुमारे ६८ हजार, आणि पाच वर्षांत मिळून अडीच लाखांच्या आसपास. त्यातले १ लाख २० हजार आरटीओत आधीच गेलेले असतात.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की स्वतःच्या नावावर घ्यायला संचालकाने पैसे कुठून आणायचे? पगार काढला तर त्यावर कर बसतोच. बसतो, पण तो पगार कंपनीचा त्याच वर्षीचा पूर्ण खर्च असतो, गाडीप्रमाणे वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने मिळणारा नव्हे. संचालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह तो ३१.२ टक्के भरतो आणि कंपनी २५.१६८ टक्के वाचवते, म्हणजे दोघांचा मिळून तोटा सुमारे सहा टक्क्यांचा. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर कंपनीचा वाचणारा कर त्याच्या करापेक्षा जास्त भरतो. अर्थात हा पगार कामाच्या मानाने वाजवी असला पाहिजे.

कंपनीच्या नावावर गाडी घेतली की तिच्यावरचा जीएसटी परत मिळतो, हा गैरसमज मात्र थोडक्यात निकालात काढता येतो. चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरचा, तसेच तिच्या विम्यावरचा आणि दुरुस्तीवरचा कर, भाड्याने देणे किंवा ड्रायव्हिंग स्कूल चालवणे अशा धंद्यांखेरीज, परत मिळत नाही. मालवाहू टेम्पोची गोष्ट वेगळी. तो कंपनीच्याच नावावर असावा.

स्वतःची गाडी कंपनीच्या कामासाठी वापरणाऱ्या संचालकाला कंपनीने खर्च भरून देणे पूर्णपणे वैध आहे. अट एकच, आणि तीच पाळली जात नाही : तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च लिहिलेले लॉगबुक. मार्चअखेरीस एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली वही कोणालाही ओळखू येते. (वही नसली तरी ठरावीक रकमेपुरती वजावट मिळते, पण तिच्यात महिन्याचे पेट्रोलही भागत नाही.)

सर्वांत अडचणीची असते ती तिसरी, अधांतरी गाडी : आरसी संचालकाच्या नावावर, हप्ते कंपनीच्या खात्यातून. वाहन कर वाचावा म्हणून ही युक्ती केली जाते. पैसा आणि वापर कंपनीचा असल्यास काही निवाड्यांत अशा गाडीवर घसारा मान्य झालेला आहे, पण त्यासाठी अपिलापर्यंत भांडावे लागते. शिवाय ते हप्ते संचालकाला दिलेले कर्ज मानले गेले तर संचालकांना कर्ज देण्यावर बंधने घालणारे कंपनी कायद्याचे कलम १८५ आडवे येऊ शकते. कागद स्वच्छ नसतील तर हा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही.

विम्यात आणि विक्रीतही फरक पडतो. १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा कंपनीच्या गाडीला लागू होत नाही, कारण कंपनीकडे वाहन चालवण्याचा परवाना नसतो. गाडी स्वतः चालवणाऱ्या संचालकाने तो वेगळा घ्यावा. कर्ज काढल्यास त्याचा बोजा तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडेही नोंदवायचा असतो. स्वतःची गाडी विकून आलेल्या पैशावर कर लागत नाही, कारण ती वैयक्तिक वापराची वस्तू ठरते. कंपनीची गाडी घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा महाग विकली गेली, तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो. तीच संचालकाने स्वस्तात स्वतःकडे घेतली, तर आयकर नियम तिची किंमत दरवर्षी २० टक्क्यांनी उतरवून धरतात आणि त्याहून जेवढी रक्कम कमी दिली तेवढी त्याच्या पगारात मिळवतात.

गाडी महिन्याचे बहुतेक दिवस ग्राहकांकडे आणि पुरवठादारांकडे फिरत असेल, चालक पगारी असेल आणि संचालक वरच्या टप्प्यात कर भरत असेल, तर २० टक्के वाहन कर सोसूनही कंपनीच्या नावावर गाडी घेणे योग्य ठरते. घर ते कारखाना, मुलांची शाळा आणि आठवड्यातून एकदा बँक एवढाच वापर असेल, तर ती स्वतःच्या नावावर घ्यावी आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवावी.