बटाट्यावर मवाळ झालेला जंतू

धुळ्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात नातवाला क्षयावरची बीसीजी लस टोचायला आलेल्या आजीने मला विचारलं, "भाऊ, लस म्हंजे रोगच टोचतस ना?" प्रश्न रास्त आहे. बीसीजीतला जंतू जिवंतच असतो, आणि तो गाईला क्षय करणाऱ्या जंतूचा वंशज आहे.

जंतूचा जहालपणा तो कुठे वाढतो यावर ठरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर आणि त्यांचे सहकारी थुइलिए यांनी १८८०च्या दशकात डुकरांच्या एका रोगाचा जंतू कबुतरांमधून कबुतरांत नेत ठेवला, तर तो डुकरांना जास्त घातक झाला. तोच सशांमधून नेला, तर सशांचा काळ बनला. डुकरं मात्र नुसती आजारी पडून बरी झाली.

बीसीजी बनवणाऱ्या काल्मेत आणि गेरँ या शास्त्रज्ञांनी तर प्राणी बाजूलाच ठेवला. १९०८ ते १९२१, अशी तेरा वर्षं त्यांनी गाईचा जंतू पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला. दर तीनेक आठवड्यांनी थोडा उचलून नव्या कापावर. असं सुमारे २३० वेळा.

यात घडलं काय? शरीरात शिरलेल्या जंतूला पांढरी पेशी गिळते आणि एका पिशवीत कोंडते. क्षयाचा जंतू ठरावीक प्रथिनं बाहेर सोडून त्या पिशवीला भोकं पाडतो. ही प्रथिनं बनवणं खर्चाचं काम, आणि बटाट्यावर कोंडणारं कुणीच नाही. समजा, स्वतःची नक्कल करताना एका जंतूच्या हातून त्या जनुकांचा तुकडाच गळाला. गाईत त्याचा निभाव लागला नसता. बटाट्यावर तो इतरांसारखाच वाढतो, आणि पुढच्या कापावर जाणाऱ्या चिमटीत त्याचीच पिलावळ आली, तर सगळा वंश तसाच होतो. जंतू शिकत नाही, सुधारत नाही, निवड होते. हा हरवलेला तुकडा पुढे जनुकांच्या तपासणीत सापडला. त्याला आरडी-१ म्हणतात. तो बंद पडलेला नाही, समूळ गेलेला आहे, म्हणून परत येत नाही. प्रतिकारशक्ती फार दुबळी असलेली बाळं सोडली, तर हा जंतू सहसा रोग करत नाही. शरीराला क्षयाच्या जंतूची ओळख मात्र करून देतो.

आजीला मी एवढंच सांगितलं, की काही आठवड्यांनी तिथे फोड येईल, फुटेल, खपली धरेल. राख, हळद, पाला काही लावू नका. दृष्ट लागली म्हणून दोराही बांधू नका. आजीने सुनेची बाही वर केली. डाव्या दंडावर तोच गोल वण होता.