डोक्याच्या कष्टांना भाव किती?

डोकं चालेनासं झालं की गोड खावं, असा सल्ला सर्रास मिळतो. त्यामागे एक गृहीत आहे: मनाची ताकद वापरली की संपते. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी या कल्पनेला वजन आलं. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी २,००० हून अधिक लोकांवर ती पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा घेतो खरा, पण अवघड गणिताने त्यात जेमतेम काही टक्क्यांची भर पडते. परीक्षेच्या तोंडावर ‘बुद्धिवर्धक’ सिरप घेणाऱ्या पालकांनी हा आकडा जरूर पाहावा.

मग डोक्याचं काम नकोसं का होतं? शेनहाव, बॉटविनिक आणि कोहेन यांच्या २०१३ च्या सिद्धांतानुसार कपाळामागे, मेंदूच्या दोन गोलार्धांच्या आतल्या बाजूला असलेला अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स हा भाग हिशेब मांडतो: लक्ष घातलं तर काय मिळेल, ते मिळण्याची शक्यता किती, आणि कष्ट किती पडतील?

हे कष्ट मोजायचे कसे? वेस्टब्रुक, केस्टर आणि ब्रेव्हर यांनी त्याच वर्षी फार सुंदर युक्ती काढली. पडद्यावर एकेक अक्षर येतं. आत्ताचं अक्षर दोन घरं मागच्या अक्षरासारखंच आहे का, ते सांगायचं. हे झालं ‘२-बॅक’. ‘३-बॅक’मध्ये तीन घरं मागे जायचं. सगळ्या पातळ्यांचा सराव झाला की सौदा सुरू होतो: अवघड पातळी पुन्हा कराल तर २ डॉलर, सोपी ‘१-बॅक’ कराल तर १ डॉलर. सोपी निवडली की सोपीचा मोबदला उतरतो, अवघड निवडली की सोपीचाच चढतो. दर वेळी हा चढउतार आधीच्या निम्मा. काही फेऱ्यांत दोन्ही पर्याय सारखेच वाटू लागतात. सोपीचा मोबदला १.२० डॉलर असताना तो बिंदू आला, तर त्या माणसाच्या लेखी जास्तीच्या कष्टांची किंमत ८० सेंट.

यात एक मेख आहे. पैसे अचूकतेवर दिले, तर चुकण्याची भीतीही त्या किमतीत मिसळते. म्हणून मोबदला मन लावून काम करण्याचा, गुणांचा नव्हे. शिवाय केलेल्या निवडींतली एखादी खरोखर करावी लागते, नाहीतर लोक उगाच शूर होतात.

२०२० मध्ये हीच रीत ५० निरोगी तरुणांवर वापरली गेली. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटममधल्या कॉडेट या भागात डोपामाइन हे रसायन तयार करण्याची क्षमता ज्यांच्यात कमी, ते अवघड काम टाळत. मिथाइलफेनिडेट हे डोपामाइनचा प्रभाव वाढवणारं औषध दिल्यावर त्यांचा कल अवघड कामाकडे झुकला, मिळणाऱ्या पैशांना जास्त वजन आलं. हे औषध अभ्यासासाठी परस्पर घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: इथे मोजली गेली ती निवड, बुद्धी नव्हे.