ईएसआयचा दावा की भरपाईचा दावा: वकील गाठण्याआधी हे ठरवा

कामावर अपघात झाला आणि मालकाने हात वर केले, की घरचे-शेजारचे पहिली गोष्ट सांगतात: वकील कर. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. मुंबईत जखमी कामगाराला पैसे मिळण्याच्या वाटा दोन आहेत आणि बोलताना दोन्हींना सरसकट 'भरपाई' म्हटलं जातं. एक वाट ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची. दुसरी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची. पहिलीत पैसे देणार विमा महामंडळ, दुसरीत मालक किंवा त्याची विमा कंपनी. दोन्हींचे दरवाजे वेगळे, भांडणाचे मुद्दे वेगळे, त्यामुळे वकिलाचं कामही वेगळं.

आणि दोन्हीकडे हात मारता येत नाही. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे विमाधारक कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून भरपाई मागता येत नाही. १९९६ साली ए. ट्रेहान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. कुठली वाट धरायची हे कामगाराच्या आवडीवर नाही, अपघाताच्या दिवशी तो विम्याखाली होता की नाही यावर ठरतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेला कारखाना किंवा आस्थापना, पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत, तर तो ईएसआयखाली येतो. पगाराच्या स्लिपवर पाऊण टक्का कपात दिसते, मालक वर सव्वातीन टक्के भरतो.

खरी गोची होते ती स्लिप नसते तिथे. साकीनाक्याच्या गाळ्यात पॉवर प्रेसवर बोटं गेली, माणूस अजून ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, आणि मालक घाईघाईने त्याची ईएसआयवर ऑनलाइन नोंदणी करून टाकतो. हे सर्रास होतं. मग कार्डावरची तारीख अपघातानंतरची. कुटुंबाला वाटतं, म्हणजे ईएसआयचं काही मिळणार नाही. तसं नसतं. ज्याची वर्गणी भरली गेली तोच नव्हे, ज्याची भरायला हवी होती तोही कायद्याने विमाधारक ठरतो. महामंडळाने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचं, अशी तरतूद कलम ६८ मध्ये आहे. म्हणून पहिल्या भेटीत वकिलाने आकड्यांचं आश्वासन देण्याआधी नोंदणीची तारीख, कामाला लागल्याची तारीख आणि गाळ्यात माणसं किती होती हे विचारलं पाहिजे. जो हे न विचारता थेट वकालतनाम्यावर सही मागतो, त्याच्याकडे मी तरी कुणाला पाठवणार नाही. कारण चुकीच्या दारात दीड-दोन वर्षं गेली, मग मालकाच्या वकिलाने विम्याचं कार्ड पुढे ठेवलं, की अर्ज तिथेच संपतो आणि दुसऱ्या दाराची मुदतही सरत आलेली असते. भरपाईच्या दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, ईएसआय न्यायालयात जायची तीन. भरपाईच्या दाव्यातला उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं.

आता भरपाईची वाट. तिथे वकील लागतोच, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईत हे दावे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश 'कमिशनर' म्हणून चालवतात. मालक चार गोष्टी नाकारतो: हा माझा माणूसच नव्हता, अपघात कामावर झाला नाही, पगार इतका नव्हता, आणि इजा एवढी मोठी नाही.

दुसरा मुद्दा बहुतेक वेळा पहिल्याच तासात हातातून जातो. जखमीला महापालिकेच्या हॉस्पिटलात सुपरवायझर घेऊन येतो. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, कसं लागलं? सुपरवायझर सांगतो, घरी पडला. केस पेपरवर तेच लिहिलं जातं, पोलिसांपर्यंत तेच जातं, आणि वर्षभराने उलटतपासणीत तोच कागद पुढे येतो. त्यामुळे घरच्यांपैकी जो कुणी आधी पोचेल त्याने केस पेपर वाचावा, आणि चुकीचं लिहिलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुरुस्ती लिहून घ्यावी. वकील नंतरही मिळतो. तो कागद नंतर बदलत नाही.

'माझा माणूस नव्हता' हे उत्तर बांधकामाच्या साइटवर हमखास येतं, कारण मध्ये ठेकेदार, त्याच्याखाली मुकादम. कलम १२ प्रमाणे आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. चांगला वकील बिल्डर, ठेकेदार आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करतो. नोकरी सिद्ध करायला नेमणूकपत्रच हवं असं नाही. मुकादमाने केलेले यूपीआयचे व्यवहार, हजेरीच्या वहीचा मोबाइलवरचा फोटो, साइटचा गेटपास, 'उद्या आठ वाजता ये' असा व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं कामाला येतं. फोन जपून ठेवा, फॉरमॅट करू नका.

पगाराचा मुद्दा किती महाग पडतो ते आकड्यांत बघा. हिशेबासाठी महिना पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणतात. वय ३५ असेल तर तो अंक १९७.०६. म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६, १७,७३,५४० रुपये. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याला जोडलेल्या तक्त्याप्रमाणे (अनुसूचीप्रमाणे) कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात, म्हणजे ३,५४,७०८ रुपये. मालकाने पगार ९,००० दाखवला आणि तोच टिकला, तर हीच रक्कम सुमारे २,१२,८२५ वर येते. जवळपास एक लाख बेचाळीस हजारांचा फरक, केवळ एका कागदामुळे. किमान वेतनाचा दर पुढे ठेवून हा मुद्दा लढवता येतो, आणि वकील तो लढवतो का हे विचारून घ्या.

इजेच्या टक्क्यांतही वकिलाचं कसब लागतं. १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याचं नुकसान पूर्ण, म्हणजे शंभर टक्के धरलं. तेव्हा फक्त 'किती बोटं' एवढंच सांगून थांबायचं नसतं. माणूस काय काम करत होता आणि आता ते करू शकतो का, हे साक्षीत यायला हवं. त्याच निकालाने भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते हेही ठरलं. महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही मागितले आहेत का, ते सही करण्याआधी वाचा. दंड सहसा विमा कंपनी देत नाही, मालकाच्याच खिशातून जातो. तडजोडीच्या टेबलावर हेच तुमचं बळ.

तडजोडीबद्दल एक ताकीद. 'चाळीस हजार घे, इथे सही कर, विषय संपला' असा कागद मालक हमखास पुढे करतो. कायद्याने मिळणारा हक्क अशा कागदाने सोडून देता येत नाही. एकरकमी तडजोड कमिशनरकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम तुटपुंजी असेल तर ते नोंद नाकारू शकतात. मृत्यूची भरपाई तर मालकाने कमिशनरकडेच जमा करायची असते. परस्पर घरी आणून दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

ईएसआयची वाट शांत आहे. तिथे मालकाशी भांडण कमी, महामंडळाच्या कागदांशी जास्त. सुरुवातीला वकील नसला तरी चालतं. अपघाताची सूचना आणि मालकाचा अहवाल वेळेवर गेला, कामगार हॉस्पिटलचे कागद नीट असले, तर तात्पुरत्या अपंगत्वात रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही, कामावरच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. कायमची इजा राहिली तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि तेवढ्या प्रमाणात आयुष्यभर पेन्शन. तोच १५,००० पगाराचा माणूस, तीच दोन बोटं, बोर्डाने २० टक्के दिले तर महिन्याला साधारण २,७०० रुपये. तिकडच्या साडेतीन लाखांपुढे हे थोडं वाटतं, पण अकराएक वर्षांत तेवढं भरतं आणि पुढेही चालू राहतं. उपचार वेगळे.

वकील लागतो तो बोर्डाने २० ऐवजी आठ टक्के दिले तेव्हा, किंवा 'ही कामावरची इजाच नाही' असं पत्र लोअर परळच्या पंचदीप भवनातून आलं तेव्हा. मग वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा थेट ईएसआय न्यायालय. इथला वकील डॉक्टरी कागद वाचणारा हवा. मालकाची उलटतपासणी घेण्यात पटाईत असलेला वकील इथे अडखळू शकतो.

लोकलमधून कामावर जाताना अपघात झाला तर? ईएसआयमध्ये येण्या-जाण्याच्या प्रवासातला अपघात कामाशी संबंध दिसत असेल तर धरला जातो. जुलै २०२५ मध्ये साखर कारखान्याच्या एका चौकीदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९२३ च्या कायद्याचाही तसाच अर्थ लावला. तेव्हा 'रस्त्यात झालं, काही मिळत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले आहेत. वाटा मात्र दोनच राहिल्या आहेत. त्या तारखेआधीच्या अपघाताला जुना कायदा, आणि वरचे आकडे त्याचेच. नंतरचा अपघात असेल तर अर्ज कुठल्या तरतुदीखाली जाणार, हे वकिलाला स्पष्ट विचारा.

फीचं बोलणं आधीच करा. 'मिळेल त्यातले वीस टक्के माझे' असा करार वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी करता येत नाही. हॉस्पिटलच्या गेटवर भेटणारे एजंट नेमकं हेच बोलतात. ठरावीक फी किती, तारखेला वेगळे पैसे आहेत का, डॉक्टरच्या साक्षीचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. पैसे नसतील तर औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन लावून चौकशी करता येते. आणि दोन्ही दारांत नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो. रक्कम मंजूर झाली की ती कामगाराच्या स्वतःच्या बँक खात्यात जावी, त्यासाठी पासबुकाची झेरॉक्स सुरुवातीलाच अर्जासोबत लावा.